सोबतीला आलेली पॅकेजेस

दिवाळी होऊन थोडे दिवस गेले की नगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. यंदाही लागल्या. मागच्या आठवड्यात मी कॉलेजला चालले होते, तर एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत समोरून आला. ऊस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की कडेच्या बाभळी त्याला घासत होत्या. मागं रस्त्यावर काही कांड्या पडल्या आणि शाळेची पोरं त्या उचलायला धावली. मी बाजूला होऊन उभी राहिले. ट्रॉली गेल्यावर मागं जो वास राहतो, ओल्या पाचटाचा, डिझेलचा आणि थोडा गोडसर, तो नाकात गेला आणि मला पुढं चालवेना.

हा वास सगळ्यांना सारखा वाटत नसावा. माझ्या वर्गात राहात्याकडची एक मुलगी आहे. तिच्या घरचा ऊस आहे. ती म्हणते, हा वास आला की घरी आल्यासारखं वाटतं. आमच्याकडं, पाथर्डीच्या बाजूला, बाजरी असते, तूर असते, पाऊस बरा झाला तर कापूस. ऊस नसतो, पण उसाचा हंगाम असतो. तो आला की गावातली घरं एकेक करून बंद होतात. ट्रकमध्ये भांडी चढतात, शेळ्या चढतात, तान्ही पोरं चढतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळा असलेली मुलं. माझे आई-अण्णा दर वर्षी असे गेले. हंगाम म्हणजे माणसं निघून जाण्याचे दिवस, एवढंच मला लहानपणापासून माहीत.

त्यातला एक हंगाम मात्र माझ्या मनातून हलत नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तो. त्याच्याविषयी लिहायला बसले आहे खरी, पण मला असं लिहायची सवय नाही. कुठून सुरू करावं कळत नाही, म्हणून कॉम्प्युटरच्या लॅबपासून करते.

आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या बाजूला. थंडीत तिथली फरशी इतकी गार असायची की बूट बाहेर काढून आत बसलं की पाय बधिर व्हायचे. यंत्रं जुनी होती, त्यांच्यावर लिनक्स होतं. लिनक्समध्ये एखादं सॉफ्टवेअर हवं असलं की काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि त्याचं नाव लिहायचं. मग यंत्र कुठून तरी दूरवरून ते गाठोड्यासारखं बांधलेलं आणतं, सोडतं आणि सगळं जागच्या जागी लावतं. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. पहिल्याच आठवड्यात सरांनी एक साधा एडिटर बसवायला सांगितला. आम्ही त्याचं एकच नाव लिहिलं. पडद्यावर मात्र नावांची रांग लागली आणि खाली प्रश्न आला, हे सगळं बसवू का?

"बया गं!" रूपाली म्हणाली. "एकाला आवतन दिलं तर सगळी भावकी निघाली की जेवायला!"

ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या रांगेतली मुलं वळून हसली. सरही हसले. मग त्यांनी फळ्यावर गोल काढून समजावलं. कुठलंच पॅकेज एकटं चालत नाही. त्याला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. या लागण्याला डिपेन्डन्सी म्हणतात. यंत्र आधी ही सगळी साखळी तपासतं. एक जरी कडी मिळाली नाही, तरी मागितलेलं पॅकेज ते बसवत नाही, सरळ सांगतं की हे जमणार नाही.

रूपाली माझी चुलत बहीण, अण्णांच्या थोरल्या भावाची मुलगी. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो आणि तिच्या आईला मोठ्याई. आमची घरं शेजारी. आई-अण्णा आणि आप्पा-मोठ्याई एकाच टोळीतून ऊस तोडायला जायचे आणि आम्ही दोघी मागं आत्याकडं राहायचो. ती माझ्याएवढीच, पण सगळ्यात पुढं. झाडावर पुढं, पाढ्यांत पुढं, भांडणात तर फारच पुढं. मी तिची सोबत.

आमच्या गावात मुलगी एकटी कुठं जात नाही. दळणाला, दुकानात, बाळंतिणीला बघायला, जिथं जाईल तिथं सोबत लागते. कोण आहे याला महत्त्व नसतं, कुणीतरी असलं म्हणजे झालं. रूपालीला वक्तृत्वाला तालुक्याला जायचं असलं की मला आंघोळ घालून तिच्याबरोबर बसवायचे. ती स्टेजवर बोलायची, मी खाली तिची पिशवी धरून बसायचे. मला त्याचं वाईट वाटलं असं आठवत नाही. पिशवीत चिवडा असायचा.

बारावीला तिचा शाळेत पहिला नंबर आला. शाळेतले मास्तर घरी आले. ओसरीत बसून आप्पांना म्हणाले, हिला कॉम्प्युटरला घाला, नगरला. आप्पांनी चहाची कपबशी मास्तरांपुढं सरकवली.

"एकली पोरगी नगरला कशी ठिवायची, मास्तर?"

मग चुलीपाशी बसलेली माझी आई म्हणाली, "आमची शितल जाईल की सोबतीला. तिलाबी पास तर केलंय."

अण्णांनी मान हलवली. "दोघी हायेत म्हनल्यावर काय काळजी न्हाई."

असं माझं कॉलेज ठरलं. माझ्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं आणि माझं जाणं चहा गार व्हायच्या आत ठरलं. मी तेव्हा दारात बाजरी पाखडत होते. सूप हातातच राहिलं. आनंद झाला का, हे मला आजही सांगता येणार नाही.

नगरला खोली मिळाली तीही जोडीवरच. खोलीवाल्या काकूंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "दोघी असाल तर देते. एकट्या मुलीला मी ठेवत नाही. उद्या काही झालं तर माझ्या डोक्याला ताप." आम्ही दोघींनी एकदमच माना हलवल्या. खोली लहान होती, खिडकीतून समोरच्या बंगल्याची पाण्याची टाकी दिसायची. रूपालीला स्वच्छतेचं वेड. सकाळी उठल्या उठल्या ती झाडू घ्यायची आणि झाडता झाडता कमांड पाठ म्हणायची. "नको असलेलं घरात ठिवू न्हाई, शितले. उंदरं होतेत." फुटकी बादली, कोरे कागद, मोडका कंगवा, सगळं तिनं बाहेर काढलं.

याच सवयीनं एकदा लॅबमध्ये गोंधळ केला. आमच्या यंत्राची डिस्क भरली होती, फाईल साठवायला जागा नव्हती. रूपालीनं शोधून काढलं की शाळेतल्या मुलांसाठी असतो तसला एक संच कुणीतरी पूर्वी बसवलेला आहे. तिनं तो काढून टाकला. यंत्रानं तो काढला आणि खाली लिहिलं, की पुढील पॅकेजेस आपोआप आली होती आणि आता त्यांची गरज उरलेली नाही. खाली लांबच लांब यादी. ती काढायची कमांडही यंत्रानंच सुचवली होती.

"बघ, केर किती साठलाय," ती म्हणाली आणि कमांड देऊन हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं ते नुसत्या काळ्या पडद्यावर. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, प्रॅक्टिकलला लागणारी साधनं नाहीत. ते सगळं त्या एका संचाच्या सोबतीनं आलेलं होतं. संच गेला, त्यामुळं यंत्राच्या हिशोबी त्यांचंही काही काम राहिलं नाही. आम्ही ती रोज वापरत होतो, याची यंत्राला काही माहिती नव्हती.

सर चिडले, पण रूपालीला रागावणं कुणालाच फार वेळ जमायचं नाही. ती सुट्टीतही खाली गेली नाही. त्या काळ्या पडद्यासमोर बसून एकेक नाव शोधून परत बसवत राहिली आणि मी शेजारी बसून तिला नावं वाचून दाखवत होते. दुपारनंतर तिला उलगडलं. तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"ह्याच्याकडं दोन परकार असत्यात बघ. एक आपन नाव घेऊन मागितल्यालं. दुसरं त्याच्यासोबत आल्यालं. सोबत आल्यालं हाय, त्याच्यावर ह्यो कायम डोळा ठिवून असतो. ज्याच्यासाठी आलं ते गेलं, की ह्यालाबी काढ म्हनतो."

"मंग सोबत आल्यालं आपल्याला पायजे असंल तर?"

"तर तसं सांगायचं. एक ओळ हाय. हे माझं मागितल्यालं हाय म्हनून खूण करायची. मंग हात लावत न्हाई."

तिनं ती ओळ माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली. मी वाचली आणि वही मिटली. मला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं. लॅबची फरशी गार होतीच, पण ते तेवढ्यानं नसावं. मी तिला काही बोलले नाही. बोलले असते तर ती म्हणाली असती, येडे, मशिनचं मानसाला लावती व्हय. आणि तिचं बरोबरच असतं. तेव्हा तर काहीच झालेलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पांचा फोन आला. टोळी त्या वर्षी बेलापूरच्या पुढं होती, पाटाच्या कडेला. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढावं लागतं. दवानं फळी ओली असते. मोठ्याईचा पाय घसरला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

"पलास्टर घातलंय," आप्पा म्हणाले. फोन रूपालीनं कानापासून लांब धरला होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं. "तू ये."

का ये, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, छाटते, मोळ्या बांधते, भरायला दोघं. जोडीतलं एक माणूस पडलं की राहिलेल्याला अर्धा कोयता म्हणतात. अर्धा कोयता टोळीला जड होतो, कारण त्याच्या वाटणीचा ऊस दुसऱ्यांना ओढावा लागतो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, म्हणून हंगाम अर्ध्यात सोडून घरी येताही येत नाही. तेव्हा कुणीतरी येऊन जोडी पुरी करायची असते. आप्पांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. रूपालीचा भाऊ अजून चौथीत होता.

तिनं पिशवी भरली. पुस्तकं भरली, मग त्यातली निम्मी काढून ठेवली.

"आईचा हात जुळला की येते. माझ्याबी नोट्स काढून ठिव. नीट अक्षरात."

"किती दिवस लागतेल गं?"

"हाड मला इचारून जुळनार हाय का?" ती हसली. पण स्टँडवर गाडीत चढताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

ती गेल्यावर खोली झाडायला मी उठायचे तेव्हा झाडू हातात धरून तशीच उभी राहायचे. लॅबमध्ये आमच्या यंत्रासमोर मी एकटी बसले. तोपर्यंत टाइप ती करायची. मला अक्षरं शोधावी लागत. एक ओळ लिहायला मला वेळ लागायचा आणि शेजारची मुलं पुढं निघून जायची. तरी गंमत सांगायची तर, त्याच दिवसांत मला ते आवडायला लागलं. गंमत म्हणावं की नाही, माहीत नाही. मी चुकीचं लिहिलं तर यंत्र काय चुकलं ते सांगायचं, पुन्हा लिहिलं की पुन्हा बघायचं. टोमणा नाही, घाई नाही. एकदा एक पॅकेज काही केल्या बसत नव्हतं. त्याला लागणारं दुसरं फार जुनं होतं, आणि ते नवं घेतलं तर तिसरं बिघडत होतं. मी तीन दुपारी त्याच्यावर घालवल्या. बसलं तेव्हा मी इकडंतिकडं पाहिलं, कुणाला सांगावं म्हणून. शेजारची खुर्ची रिकामी होती.

आणि नेमकं तेव्हाच काकूंनी जिन्यात गाठलं. "दुसरी येणार आहे का परत? नसेल तर तुझ्या वडिलांना बोलाव. मी आधीच सांगितलं होतं."

अण्णांना फोन केला. त्यांना हे अपेक्षितच होतं. "येतो न्यायला शनवारी. सामान बांधून ठिव," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं. पाणी आलं, पाणी गेलं, तसं.

शनिवारपर्यंतचे ते दिवस मला आठवतात ते उन्हासकट. थंडीतलं पातळ ऊन, लॅबच्या खिडकीतून टेबलाच्या कडेपर्यंत यायचं आणि मागं सरायचं. मी रोज जात होते. काही शिकत होते असं नाही. एका सकाळी यंत्रानं आपणहून तीच ओळ दाखवली, की काही पॅकेजेस आपोआप आली होती, आता त्यांची गरज नाही. मी त्या ओळीकडं बघत बसले. यंत्राचा त्यात दोष नव्हता. त्याच्याजवळ जेवढी माहिती होती, तेवढ्यावरून ते बोलत होतं. अण्णांचंही तसंच होतं. काकूंचंही. मी सोबतीला आले आहे, एवढीच माझी नोंद सगळ्यांच्या डोक्यात होती. दुसरी कुणी केलेली नव्हती. मीही केलेली नव्हती.

मी सरांना विचारलं, कुणी मुलगी खोली शोधतेय का? त्यांनी वर्गात विचारलं. कुणी नव्हती.

शनिवारी अण्णा सकाळीच आले. अंगावर तोडीवरचाच शर्ट, बाह्यांना काळपट चीक वाळलेला, कानाला मफलर. खोलीच्या दारात ते चप्पल काढून उभे राहिले. मागं काकू आल्या, बघायला की खोली केव्हा रिकामी होते.

"झालं का आवरून?"

"न्हाई."

"मंग आवर की. येष्टी जाईल."

मी गादीवर बसले होते. मी उठले नाही.

"काय गं? ताप हाय का?"

"न्हाई, अण्णा. मला न्हाई यायचं."

"आँ?"

"मला हितंच ऱ्हायचंय. शिकायचंय."

अण्णांनी काकूंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आगं, तू रूपीच्या सोबतीला आल्ती. आता रूपीच न्हाई, तर तू हितं कुनाच्या सोबतीला ऱ्हाती?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यामुळंच मला उत्तर द्यायला जास्त अवघड गेलं.

"कुनाच्याच न्हाई. माझी मी."

समोरच्या बंगल्याची टाकी भरून वाहायला लागली होती. ते पाणी पडण्याचा आवाज तेवढा येत होता. अण्णा हळूच खाली बसले, भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन.

"आन् हे आदी कामून न्हाई बोलली?"

"कुनी इचारलंच न्हाई."

अण्णांनी मफलर सोडला, मांडीवर घेतला, त्याची घडी केली, पुन्हा मोडली. "इचारतंय कोन कुनाला," ते म्हणाले. ते मला म्हणाले की स्वतःलाच, कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "जमतंय का पर तुला? रूपीवानी?"

"रूपीवानी न्हाई. पर जमतंय."

"भ्या वाटंल एकलीला."

"वाटतंयच."

ते उठले. काकूंसमोर जाऊन उभे राहिले. अण्णा शहरातल्या बायकांशी बोलताना खाली बघतात. तेव्हाही खालीच बघत होते. "बाई, ही माझी पोरगी. शितल नाव हाय तिचं. हिला हितं शिकायला ठिवायची हाय. एकलीला."

"अहो, पण काही झालं म्हणजे?"

"झालं तर माझी पोरगी हाय. तुमच्यावर न्हाई येनार बोल."

काकूंनी बरीच कारणं सांगितली. अण्णा प्रत्येक कारणाला "व्हय, बाई" म्हणत होते आणि जागचे हलत नव्हते. शेवटी काकू म्हणाल्या, दिवेलागणीच्या आत घरात पाहिजे, आणि परीक्षा होईपर्यंतच, पुढचं पुढं बघू. एवढं बोलून त्या खाली गेल्या. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच जरा मोठ्यानं श्वास सोडला.

मी राहिले. आज तिसऱ्या वर्षाला आहे. काकूंची खोली पुढं सुटली, आता वसतिगृहात आहे. लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांचं काही अडलं की ती मला हाक मारतात. हे सगळं झालं ते चांगलंच झालं, आणि तरी उसाची ट्रॉली गेली की माझे पाय थांबतात. कारण रूपाली परत आली नाही. मोठ्याईचा हात वाकडा जुळला. तिला मोळी पेलवेना, त्यामुळं आप्पांचीही तोड सुटली. पुढच्या हंगामाच्या तोंडावर रूपालीचं लग्न झालं. शेजारच्या गावात एक घर होतं, मुलगा चांगला होता, तो आईच्या जोडीनं तोडायला जायचा, तिनं तोड सोडली होती आणि तिथंही अर्धा कोयता झाला होता. दोन अर्धे मिळून एक झाला, असं मांडवात कुणीतरी हसून म्हणालं. यंदा ते दोघं कर्नाटकात आहेत. कधी कधी तिचा फोन येतो. "आता काय शिकिवत्यात?" ती विचारते. मी सांगते. ती मध्ये मध्ये "हां, हां" म्हणते, आणि मग मागून कुणीतरी हाक मारतं.

पण मला सांगायचं होतं ते त्याच शनिवारचं. काकू खाली गेल्यावर अण्णा म्हणाले, "आता आलोच हाय तर चल, मोठ्याईला भेटून ये. उद्या जा माघारी."

आम्ही दुपार उतरता तिथं पोचलो. पाटाच्या कडेनं पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची, ओळ. मोठ्याई गळ्यात हात अडकवून डाव्या हातानं शेळीला वाढं टाकत होती. आईनं मला बघून आधी पिशवीकडं पाहिलं, लहानशीच आहे म्हणून तिला काहीतरी कळलं. रूपाली फडातून आली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं नाही. साडीवर आप्पांचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, चेहऱ्यावर काजळी.

"आली का सोबतीन बाई!" ती लांबूनच ओरडली. मग तिला अण्णांनी सांगितलं. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "ब्येस केलं. लई ब्येस केलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन आम्ही दोघी पाटावर बसलो. तिनं शर्टाच्या खिशातून मोबाईल काढला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. "बघ, ह्याच्यावर लिनक्सचा एक तुकडा बसतो. येवढासाच. पर पॅकेज मागवता येत्यात. रेंज आली की करते."

तिनं टाइप करायला बोट लावलं. अक्षर उमटेना. पुन्हा लावलं. उसाच्या पात्यांनी तिची बोटं चिरली होती, टोकांची कातडी जाड आणि कोरडी झाली होती. पडद्याला ती बोटं लागतच नव्हती. तिनं बोट ओठाला लावून ओलं केलं, तरी एखादंच अक्षर यायचं.

"वळखीत न्हाई मला आता," ती म्हणाली आणि मोबाईल माझ्याकडं दिला. "तू कर. मी सांगते."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तिला सगळं आठवत होतं, स्पेस कुठं द्यायची तेही. पॅकेज यायला लागलं, त्याच्या सोबतीची इतर यायला लागली. मग रेंज गेली. आम्ही मोबाईल उंच धरून उभ्या राहिलो. काही वेळानं पडद्यावर आलं, की लागणारं सगळं मिळालं नाही, म्हणून काहीच बसवलेलं नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मला तिला काहीतरी द्यावंसं वाटत होतं. दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तिला मनातलं सांगितलं. म्हटलं, मला वाटायचं तू नाव घेऊन मागितलेली आणि मी तुझ्यासोबत आलेली. म्हणून तू गेल्यावर मला काढणार, हे मला आधीपासून दिसत होतं.

रूपालीनं पाटातल्या पाण्यात एक ढेकूळ टाकलं. "मला तरी कुनी मागितलं हुतं, शितले? मास्तर घरी आले, नंबर आल्ता, म्हनून घातलं. आईचा हात धड हुता, म्हनून ऱ्हायले." तिनं दुसरं ढेकूळ उचललं. "तुला निदान अण्णांनी इचारलं, का न्हाई बोलली म्हनून. आप्पा नुसतं म्हनले, ये."

"तू 'न्हाई' का म्हनली न्हाईस?"

"आन् मंग आप्पा काय करनार हुते?"

मी राहायचं म्हणाले तेव्हा माझ्या मागं आई आणि अण्णा, दोघांचे चारही हात धड होते. तिच्या मागं एक हात मोडलेला होता. माझं धाडस म्हणून लोक सांगतात, तेव्हा मला हे आठवतं आणि मी विषय बदलते.

फडातून हाक आली. ट्रक लागला होता. रूपाली उठली, फडकं बांधलं, आणि "नीट जा" म्हणून पळत गेली. अण्णा आणि आईही भरायला गेले. मोठ्याईनं डाव्या हातानं माझ्या पिशवीत उसाच्या दोन कांड्या कोंबल्या. फाट्यापर्यंत पोचवायला कुणाला सवड नव्हती. मी पाटाच्या कडेनं चालत गेले, मागं न बघता, कारण ट्रकच्या फळीवर कोण चढतंय हे मला बघायचं नव्हतं.

गाडी आली. आत जागा होती. मी खिडकीशी बसले, सवयीनं अंग चोरून, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. तोपर्यंत एसटीत मी कधी एकटी बसलेच नव्हते. तिकीट नेहमी दुसरं कुणीतरी काढायचं. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन जवळ आले.

"कुठं?"

"नगर."

"किती?"

मी शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

"किती, ताई?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"एक," मी म्हणाले.